तेरा चिंचोके

"...मग लोक शहाणे व्हायला किती वर्षं लागतात, बाबा? पाच? दहा? नेमका आकडा सांगा. तेवढी वर्षं थांबायची माझी तयारी आहे."

हिरागिरबाबा सुपात घेवडा घेऊन निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबणार कोण? तू, की लोक?"

गेल्या तीन वर्षांत आबाजी सरनोबतला असं कुणी विचारलं नव्हतं. सातवणसारख्या छोट्या डोंगरी राज्याचा तो मुख्य कारभारी होता. त्याची जीप दिसली की रस्त्यावरची माणसं उठून उभी राहत. मठाच्या ओट्यावर मात्र तो खालच्या पायरीवर बसला होता, वीस वर्षांपूर्वी बसायचा तसाच.

त्या काळी तो इथं राहायला होता. पुढे शाळामास्तर झाला. राजेसाहेबांनी शाळा बंद केल्या तेव्हा रस्त्यावर उतरला. अकरा वर्षं लढला. त्यातली चार तुरुंगात गेली. त्या काळात राजेसाहेबांचे शिपाई चळवळीतल्या पोरांना हुडकत मठापर्यंत आले, तेव्हा हिरागिरबाबा दारात आडवे झोपले होते. "माझ्या अंगावर पाय देऊन आत जा," म्हणाले होते. शिपाई परत गेले.

पुढे एक दिवस त्याच शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. राजेसाहेब घाट उतरून निघून गेले. राजवाड्याच्या चौकात लोकांनी आबाजीला खांद्यावर घेतलं. त्यानं तिथंच शब्द दिला, सहा महिन्यांत निवडणूक.

त्याला आता तीन वर्षं झाली होती.

"बाबा, शेजारच्या राज्यात काय झालं, ते ऐकलंत ना तुम्ही?" आबाजी म्हणाला. "राजा गेला. लोकांनी घाईघाईनं मतं टाकली. निवडून कोण आला? राजाचाच मेहुणा! वर्षभरात शाळांना कुलपं लागली. माणसं पुन्हा गायब व्हायला लागली."

"ऐकलंय."

"आमच्याकडेही राजेसाहेबांची माणसं टपून बसली आहेत. एका जेवणावर मत देणारी गावं आहेत. आमच्या जातीचा तो आमचा, एवढंच बघणारे आहेत. आणि माझं धरण अर्धं राहिलंय. अकरा शाळा उघडल्यात मी. हे सगळं मतपेटीत टाकून द्यायचं?"

बाबांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"राजेसाहेब काय म्हणायचे लोकांना?"

आबाजीला ते पाठ होतं. चार वर्षं तो त्यासाठी तुरुंगात बसला होता.

"लोक लेकरं आहेत, म्हणायचे."

"आणि तू काय म्हणतोस?"

"ते खोटं बोलत होते, बाबा. मी खरं बोलतोय."

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आबाजीनं खिशातून कागद काढला. निवडणूक आणखी दोन वर्षं पुढे ढकलल्याचा जाहीरनामा होता. खाली त्याच्या सहीची जागा होती आणि तिच्या शेजारी आणखी एक जागा रिकामी होती.

"इथं तुमचं नाव हवंय. तुम्ही म्हणालात तर लोक मानतील."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर... थोडी गडबड होईल. ती निस्तरावी लागेल."

"इस्माईलला निस्तरलंस तसं?"

इस्माईल बागवान हा आबाजीचा जुना सोबती. चारही वर्षं दोघं एकाच कोठडीत होते. बाहेर आल्यावर इस्माईलनं साप्ताहिक काढलं. सहा महिन्यांची तीन वर्षं कशी होतात, असं त्यात एकदा लिहिलं, मग दर आठवड्याला लिहायला लागला. गेल्या महिन्यापासून तो पुन्हा तुरुंगात होता. या वेळी आबाजीच्या.

"त्याच्या जिवाला धोका होता," आबाजी म्हणाला. "माझीच माणसं चिडली होती त्याच्यावर."

"मग त्यांना आत टाकायचं."

एवढा वेळ धरून ठेवलेला राग आबाजीच्या तोंडून बाहेर पडला.

"बाबा, तुम्हाला बोलायला काय जातं? या मठात तुम्ही चाळीस वर्षं आहात. कोण कधी उठणार, काय खाणार, कोण राहणार, कोण जाणार, सगळं तुम्ही ठरवता. इथं कुणाला विचारलंय कधी? राजेसाहेबांच्या गादीला निदान भिंती होत्या. तुमच्या गादीची तर भिंतसुद्धा दिसत नाही, धक्का मारायचा कुठं?"

बोलून झालं आणि तो स्वतःच घाबरला.

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," ते अगदी हळू म्हणाले.

"बाबा, मी रागाच्या भरात..."

"नाही. तू विचारलंस ते बरोबर आहे." त्यांनी सूप खाली ठेवलं. उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. "घंटा वाजव. सगळ्यांना बोलाव."

अवेळी घंटा वाजली म्हणून माणसं धावतच आली. मठात बाबांखेरीज तेरा जण होते. गोसावी होते, दोन विधवा बायका होत्या, एक आंधळा वीणेकरी होता. पंचवीस वर्षं बाबांच्या हाताखाली पोथ्या अभ्यासलेला लखमागिर सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. बाबांच्या मागे गादी त्याचीच, हे गावातलं पोर न् पोर जाणून होतं. सगळ्यात मागे दौलू होता. हा पूर्वी घाटात खेचरं हाकायचा, आता मठाचा भाजीमळा करायचा. सदा कुरकुरायचा.

"या मठात प्रमुख कोण असावा, हे तुम्ही सांगायचं," बाबा म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"तुमीच की, बाबा," आंधळा वीणेकरी म्हणाला.

"तुम्हीच," लखमागिर म्हणाला. मग बहुतेकांनी माना हलवल्या. दोघांनी हात जोडले.

आबाजीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बघा बाबा. कुणी जबरदस्ती केली का? माझ्याकडेही असंच आहे. गावोगाव हेच म्हणतात."

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. स्वयंपाक करणाऱ्या पुतळाबाईकडे बघत होते. तिनं मान हलवली नव्हती. ती नुसती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"पुतळा, तुला काय वाटतं?"

"मला काय इचारताय, बाबा..."

"तुलाच विचारतोय."

"माजं गुडघं दुखत्यात," पुतळाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "अठरा वर्सं झाली. प्हाटं चारच्या आरतीला पायऱ्या चढून येती. थंडीत तर जीव जातो. आरती सकाळी साला झाली तर देव काय रागावंल का, बाबा?"

पहाटे चारची आरती मठाच्या पहिल्या गुरूंनी लावून दिली होती. दोनशे वर्षांत ती वेळ चुकली नव्हती. राजेसाहेबांनी संचारबंदी लावली तेव्हाही नाही.

"अठरा वर्षं... तू सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाईत."

लखमागिरनं पुतळाबाईकडे रागानं पाहिलं. तिनं पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या तोंडावर कुणी नाही म्हणणार नाही. चूक तुमची नाही." मग त्यांनी आतल्या कोठीच्या खोलीकडे बोट केलं. "तिथं टोपल्या ठेवू. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, आणि ज्याला प्रमुख करायचं त्याच्या टोपलीत एक चिंचोका टाकायचा. कुणी कुणाला टाकला, ते कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा."

"नावं कुणाची?" लखमागिरनं विचारलं.

"माझं. तुझं. आणखी कुणाला उभं राहायचं असेल तर त्याचं."

मागून दौलू म्हणाला, "मी ऱ्हाऊ काय हुबा? मी आरती साला करीन."

दोघंतिघं हसले. दौलूही हसला.

"राहा," बाबा म्हणाले. ते हसले नाहीत.

टोपल्या मांडून त्यांवर फडकी झाकली. बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बाबांच्या टोपलीपुढे त्यांची रुद्राक्षाची माळ ठेवली, लखमागिरच्या पुढे पोथी, दौलूच्या पुढे त्याचं खुरपं. माळ गळ्यातून काढल्यावर बाबांची मान एकदम बारकी दिसायला लागली.

"मी झऱ्यावर जाऊन बसतो," ते म्हणाले. "आबाजी, तू पाहुणा आहेस. मोजायचं काम तुझं."

ते काठी टेकत निघून गेले.

एकेक जण आत जाऊन आला. आंधळ्या वीणेकऱ्यानं वस्तू चाचपून बघितल्या असाव्यात; त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पुतळाबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामेजलेला होता. एवढ्या वयात तिनं पहिल्यांदाच काहीतरी एकटीनं ठरवलं होतं.

शेवटी आबाजी आत गेला. त्यानं दार लोटून घेतलं आणि टोपल्यांवरची फडकी काढली.

लखमागिरच्या टोपलीत चार चिंचोके होते.

दौलूच्या टोपलीत सात.

बाबांच्या टोपलीत दोन.

आबाजी खाली बसला. दोन! दारात आडव्या झोपलेल्या माणसाला दोन. चाळीस वर्षं यांच्यासाठी जागलेल्या माणसाला दोन, आणि खेचरं हाकणाऱ्या, पहाटे उठायचा कंटाळा असलेल्या माणसाला सात. दोनशे वर्षांचा मठ, गुडघ्यांच्या दुखण्यापायी...

त्यानं दौलूच्या टोपलीतले पाच चिंचोके उचलले आणि बाबांच्या टोपलीत टाकले.

आपण चोरी केली, असं त्याला वाटलं नाही. आपण मठ वाचवला, असं वाटलं.

तो बाहेर आला. सगळे त्याच्याकडे बघत उभे होते. कुणाच्याच नजरेत संशय नव्हता.

"बाबांना सात," तो म्हणाला. "लखमागिरला चार. दौलूला दोन."

लखमागिरनं आकाशाकडे बघून हात जोडले. दौलू क्षणभर तोंड उघडं टाकून उभा राहिला. त्याच्या टोपलीत निदान कुणाकुणाचे चिंचोके पडले असणार, याचा त्यानं मनाशी अंदाज बांधला असावा. मग त्यानं खांदे उडवले.

"ठीक हाय. चारला तर चारला."

पुतळाबाई "बरं झालं," असं काहीतरी पुटपुटली आणि घेवड्याचं सूप उचलून चुलीकडे निघाली. तीन पायऱ्या उतरायला तिनं भिंत धरली. प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवून मग ती पुढची पायरी घेत होती.

कुणी म्हणालं नाही, चिंचोके दाखव. कुणी म्हणालं नाही, पुन्हा मोज.

आबाजी तिच्या पाठीकडे बघत राहिला.

झऱ्याकडून बाबा परत आले. कोण जिंकलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"मोजलेस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"नाही. आत."

"दार लावून?"

आबाजीनं मान खाली घातली. लोकांनी एवढ्यात पांगायला सुरुवात केली होती. बाबा काठी टेकून तसेच उभे होते. त्यांनी आणखी एक शब्द विचारला असता तर आबाजीनं कदाचित खोटं उत्तर दिलं असतं. त्यांनी विचारला नाही.

"थांबा," आबाजी ओरडला. "सगळे थांबा. पुतळाबाई, तुम्हीपण या."

माणसं परत वळली.

"मी पाच चिंचोके हलवले." त्याचा आवाज फाटला. भर चौकात हजारो माणसांपुढे बोलताना कधी फाटला नव्हता. "दौलूचे काढून बाबांच्यात टाकले. दौलूला सात होते. बाबांना दोन."

मग आबाजीनं टोपल्या बाहेर आणल्या, चिंचोके जिथले तिथं ठेवले आणि सगळ्यांच्या देखत एकेक करून पुन्हा मोजले. एक चिंचोका घरंगळत गेला, तो पुतळाबाईनं वाकून उचलून दिला.

दोन, हा आकडा बाबांनी ऐकला. त्यांचा चेहरा पडला. ते साधू होते, पण चेहरा पडला. सगळ्यांना दिसला.

त्यांनी कनवटीची गाभाऱ्याची किल्ली सोडली. दौलूपुढे गेले, किल्ली त्याच्या मातीनं भरलेल्या हातात ठेवली आणि मठात प्रमुखाला करतात तसा त्याला वाकून नमस्कार केला.

दौलू दोन पावलं मागं उडाला.

"बाबा, काय करताय! मी गमतीनं बोललो हुतो!"

"सात जणांनी गमतीनं चिंचोका टाकला नाही."

"मला मंत्रसुद्धा येत न्हाईत धड..."

"विचार. लखमागिरला येतात."

"मी याला शिकवणार नाही," लखमागिर म्हणाला. रडत होता की चिडला होता, कळत नव्हतं. "बाबा, गुरूंना काय उत्तर देणार तुम्ही?" त्यानं पोथी उचलली, कापडात बांधली आणि फाटकाबाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही. पुढे चार महिन्यांनी तो आपणहून परत आला. पण ती गोष्ट निराळी.

पुतळाबाई मात्र पुढे झाली.

"दौलू, वर्सभर बघू," ती म्हणाली. मघाचा बारीक आवाज राहिला नव्हता. "वर्सानं पुन्ना चिंचोकं टाकायचं. कबूल असंल तर किल्ली घे."

दौलूनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

"कबूल," दौलू म्हणाला.

जेवणाची वेळ टळून गेली होती. माणसं कामाला लागली. बाबा आणि आबाजी झऱ्यापर्यंत चालत गेले.

"ते चुकले, बाबा," आबाजी शेवटी म्हणाला.

"हो."

"तुम्हालाही वाटतं?"

"चारची वेळ सोडायला नको होती. माझी पक्की खात्री आहे."

"मग समजावायचं ना त्यांना."

"आता समजावीन. इतकी वर्षं नुसतं सांगत होतो."

आबाजी पाण्याकडे बघत राहिला. ज्या हातानं चिंचोके हलवले होते, तो त्यानं पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

"हात आपोआप गेला, बाबा. मला वाटलं, मी चांगलंच करतोय."

आबाजी निघाला तेव्हा कागदाचा विषय कुणीच काढला नाही.

जीप राजवाड्याकडे वळली नाही. तुरुंगाच्या दारात थांबली. जेलर धावत आला, त्याला आबाजीनं बाहेरच थांबायला सांगितलं. इस्माईलला दोघांच्या त्या जुन्याच कोठडीत ठेवलं होतं; ती त्याला डोळे मिटूनही सापडली असती. इस्माईल बागवान भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढली होती. त्यानं उठायची तसदी घेतली नाही.

"कुठली सही हवीय?" त्यानं विचारलं.

"कुठलीच नाही. निवडणूक लावतोय. माघ संपायच्या आत."

इस्माईल हसला. "सातव्यांदा ऐकतोय."

"दार उघडं आहे. तू बाहेर जाऊन छाप, तारखेसकट. म्हणजे मला मागे फिरता येणार नाही."

इस्माईलचं हसू थांबलं. तो जुन्या मित्राचं तोंड निरखून पाहू लागला.

"मी तुझ्याविरुद्ध लिहीन, आबाजी."

"लिही."

"इथं ठेवलंस, तेही लिहीन. रोज सकाळी तुझं नाव घेऊन शिव्या दिल्यात मी. तेही."

"लिही."

"माफी वगैरे मागायला आलास का?"

आबाजीनं होकाराची मान हलवली.

"आज नाही देणार," इस्माईल म्हणाला. "पण हात दे. पाय जड झालेत माझे."

माघात निवडणूक झाली. मतं राजवाड्याच्या चौकात मोजली, सगळ्यांच्या देखत. मोजणारे तीन दिवस मोजत होते. आबाजी तिन्ही दिवस गर्दीत उभा राहून बघत होता. त्याच्या कार्यकर्त्यांपैकी दोघं त्याच्या कानाशी लागले. दोन पेट्या अजून डोंगरातून यायच्या आहेत, म्हणाले. वाटेत काही करता येईल, म्हणाले.

"त्या पेट्यांबरोबर इस्माईलची माणसं बसवा," तो म्हणाला.

तो हरला. थोडक्यात नाही, चांगलाच हरला. शाळा उघडलेल्या अकरा गावांतल्या सात गावांनी त्याला मत दिलं नाही. धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्यांच्याशी तीन वर्षांत कुणी बोललं नव्हतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जिंकला पुंडलिक आवळे. लाकडाच्या वखारीचा मालक. राजेसाहेबांशी त्याचा काही संबंध नव्हता, चळवळीशीही नव्हता. भाषणात तो अडखळायचा आणि वाटेल ते बोलायचा. आबाजीनं त्याला कचेरीत नेलं, खुर्ची दाखवली, कुठली कपाटं अडकतात तेही दाखवलं आणि चालत घरी गेला.

पहिले काही दिवस रस्त्यात तो दिसला की लोक उठून उभे राहत. मग राहिनासे झाले.

चैत्रात एका दुपारी तो एसटीनं मठात आला. फाटकापासून ओट्यापर्यंत चालताना त्यानं बघितलं. मळा वाढला होता, निम्मी मेथी मात्र पाण्यावाचून पिवळी पडली होती. झऱ्याच्या पाण्यावरून दौलूनं गावाशी भांडण उकरून काढलं होतं, असं एसटीत कुणीतरी सांगितलं होतं. आरतीला आता गावातल्या बायका येतात, हेही त्यानंच सांगितलं होतं. सहाला त्यांना जमतं.

ओट्यावर पंगत बसत होती. दौलू मधोमध उभा राहून कुणालातरी ओरडत होता. हिरागिरबाबा अगदी शेवटी, नळाजवळच्या ओल्या कोपऱ्यात बसले होते. चार महिन्यांत खूप म्हातारे झाले होते.

आबाजी त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"हरलो, बाबा."

"ऐकलं."

"तुम्हाला पहाटेचं कसं वाटतं? चारला?"

"जाग येते." बाबा थोडं थांबले. "घंटेपाशी जात नाही. अंथरुणात बसून राहतो. फार जड जातं, आबाजी."

"तो आवळे धरणाचं काम मोडतोय. मला दिसतंय, बाबा. डोळ्यांदेखत मोडतोय."

"सांग त्याला."

"गेलो होतो. तासभर बाहेर बसवलं. मग म्हणाला, बघू."

"पुन्हा जा."

"तरी नाही ऐकलं तर?"

"पुन्हा."

"मला कोण समजतो तो? मी या राज्यासाठी..." आबाजी थांबला. वाक्य पुरं करायला त्याला लाज वाटली. पंगतीत पत्रावळी पडत होत्या. पुतळाबाई भात वाढत येत होती, हळूहळू, एकेकापाशी थांबत.

"मी मास्तर राहिलो नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कारभारी राहिलो नाही. चळवळ संपली. मग आता मी कोण, बाबा?"

हिरागिरबाबांनी आपली पत्रावळ थोडी अलीकडे ओढली. ओल्या फरशीवर हाताएवढी जागा झाली.

"पंगतीत माझ्यानंतरचा," ते म्हणाले. "बस."